जिभेचं सुतक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, शाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर इतकी वर्षं बसणाऱ्या माणसालाही नाही. पाच दिवस मी मीठ खाल्लं, आणि खाल्लं नाही म्हणून सांगितलं.

वाचणाऱ्याला वाटेल, एवढंच? मलाही तेव्हा एवढंच वाटलं होतं. चिमूटभर मिठानं कुणाचं काय जातं! पण त्या चिमटीवर दोन देश उभे आहेत, असं माझ्या घरमालकांचं म्हणणं होतं. आणि घरमालक कधी मस्करी करत नसत. मस्करी आम्ही करायचो, त्यांची.

त्यांना सगळं मळवली गाव आबा म्हणायचं. तीस वर्षं रेल्वेत गँगमन. खंडाळ्याच्या घाटात हातोडी घेऊन रूळ ठोकत चालायचं आणि आवाजावरून सैल खिळा ओळखायचा, ही नोकरी. निवृत्त झाले तरी हातोडी सुटली नव्हती. भाजे गावाच्या रस्त्याला त्यांची सहा खोल्यांची बैठी चाळ होती. तिच्या ओट्यावर ते बसायचे आणि समोर येईल ते वाजवून बघायचे. कलिंगड, गॅसची टाकी, नव्या भाडेकरूची ट्रंक. डांबरी रस्त्यावरसुद्धा ते रुळांखालच्या स्लीपरवरून चालल्यासारखे मोजून ढांगा टाकत. सोबत चालणाऱ्याला पहिली शंभर पावलं हसू यायचं, आणि मग लक्षात यायचं की आपणही तसंच चालतोय.

मी तीन नंबरची खोली घ्यायला गेलो त्या दिवशी त्यांनी माझी ट्रंक ठोकली, वाकून कान लावला.

“भरलेली हाय,” ते म्हणाले, “पन बोलत न्हाई.”

हे ट्रंकेबद्दल होतं की माझ्याबद्दल, ते मी विचारलं नाही. मी काहीच विचारत नसे. लोणावळ्याच्या एका शाळेत मी लेखनिक होतो, अजून आहे. अक्षर चांगलं आणि तोंड बंद, या दोन गुणांवर माझी नोकरी चालली. त्याच दोन गुणांवर आबांनी मला मंडळाचा सेक्रेटरी केलं.

मंडळ म्हणजे ‘भारत–नेपाळ सांस्कृतिक सहकार्य मंडळ, मळवली’. असा पत्र्याचा बोर्ड चाळीच्या दारावर होता. त्याच्याखाली बारीक अक्षरांत ‘खोली भाड्याने देणे आहे’ असंही होतं, कारण पत्रा एकच मिळाला होता. लोहगडाला निघालेली पुण्या-मुंबईची पोरं तो बोर्ड बघून थांबायची. एकदा एकानं विचारलं, “काका, इथे नेपाळचा व्हिसा मिळतो का?”

“व्हिसा लागतच न्हाई!” आबा उठून उभे राहिले. “त्येच तर सांगायचंय. या, बसा.”

ती पोरं त्या दिवशी लोहगडावर पोचली नाहीत. दोनदा चहा, एकदा पोहे आणि नेपाळची संपूर्ण माहिती घेऊन संध्याकाळच्या लोकलनं परत गेली. आबा स्वतः नेपाळला कधी गेले नव्हते. त्यांची सगळ्यात लांबची मजल भुसावळ, तीही खात्याच्या कामासाठी.

नेपाळच का, असं त्यांना सगळे विचारायचे. उत्तर ठरलेलं होतं. “बाकीचे देश लांब हायेत. नेपाळ माज्या चार नंबरच्या खोलीत ऱ्हातोय. रोज सकाळी बादली घिऊन दारावरनं जातोय. त्येच्याशी न्हाई बोलायचं तर कुनाशी बोलायचं?”

चार नंबरात टेक राहायचा. लोणावळ्याच्या एका रिसॉर्टात आचारी. माझ्याच वयाचा, बुटका, हसला की डोळे नाहीसे होणारा. त्याच्या गावची दोन-तीन माणसं बंगल्यांवर राखणदारीला येऊन-जाऊन असत, पण टेक कायमचा. लोणावळ्यात नेपाळी माणसाला नाव नसतं. जो तो त्याला बहादूर म्हणतो. आबांना त्याची चीड. त्यांच्या ओट्यावर जो कुणी ‘बहादूर’ म्हणेल त्यानं कान धरून पाच उठाबशा काढायच्या, हा नियम. दूधवाल्यानं काढल्या, गॅसवाल्यानं काढल्या. सरपंचांनी अडीच काढल्या आणि गुडघ्याचं कारण सांगून उरलेल्या पुढच्या महिन्यावर ढकलल्या. मग एका शनिवारी आबांनी इतिवृत्तात लिहायला म्हणून टेकला पूर्ण नाव विचारलं.

“टेकबहादूर,” टेक म्हणाला.

ओट्यावर कुणी हसलं नाही, म्हणजे सगळे तोंडात रुमाल कोंबून बसले. आबांनी हातोडीनं ओटा ठोकला, आवाज ऐकला, आणि निकाल दिला. “त्येच्या आयबापानी ठिवलंय ते येगळं. आपुन आळसानं म्हंतो ते येगळं. उठाबशा चालू.”

झेंड्याची गोष्टही अशीच. नेपाळचा झेंडा चौकोनी नसतो, एकावर एक दोन त्रिकोण. आबांनी तो पहिल्यांदा टेकच्या मोबाइलवर पाहिला आणि ओरडले, “आरं, ह्यो तर तिकोना आन् तुंग!” पवनेच्या पाण्याकडून पाहिलं तर हे दोन किल्ले तसेच टोकदार दिसतात, हे खरं आहे. पण नेपाळचा झेंडा मावळात बसून काढला गेला, हे मत आबांनी मरेपर्यंत सोडलं नाही. कामशेतच्या शिंप्याला तसा झेंडा शिवायला दिला, तर त्यानं चौकोनी शिवून आणला. वर म्हणाला, “तुम्ही दिलेलं माप चुकलं होतं, कापड वाया जात होतं. मी नीट करून दिलंय.” आबा त्याच्या दुकानात दोन तास बसले आणि उसवून, कापून, काठ मारूनच उठले.

दर शनिवारी संध्याकाळी सभा. सभेत आबांचं एक वाक्य हमखास व्हायचं. “दोन रूळ जल्मभर शेजारी चालत्यात, एकमेकास्नी भेटत न्हाईत. त्येंच्या मदला स्लीपर काडा, मंग गाडी कुटं जाती बगा. सरकारं म्हंजी रूळ. आपुन स्लीपर.” हे वाक्य मी इतिवृत्तात इतक्यांदा लिहिलं की पुढे नुसतं ‘अध्यक्षांनी स्लीपर सांगितला’ असं लिहू लागलो.

गणपतीतला प्रकार सांगायलाच हवा. आबांच्या घरी पाच दिवसांचा गणपती असे. आबांच्या बायकोला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. त्या वर्षी मावशींनी उकडीचे मोदक केले, आणि आबांच्या आग्रहाखातर टेकनं त्याच मोदकपात्रात कोबीचे मोमो लावले. वरच्या ताटलीत भारत, खालच्या ताटलीत नेपाळ. आबा स्टूल टाकून चुलीशी बसले. मध्येच म्हणाले, “खालच्याला वाफ जास्त लागतीया. ह्यो अन्याय हाय.” आणि ताटल्यांची अदलाबदल करायला लावली. मग पुन्हा वाटलं वरच्यावर अन्याय होतोय, म्हणून पुन्हा. तीनदा. त्यात टेकला मावशींनी मोदकाच्या कळ्या पाडायला शिकवलेल्या, आणि त्यानं प्रेमानं मोमोलाही तशाच पाडलेल्या. आरती झाली, नैवेद्य दाखवला, गुरुजींनी प्रसादाचा मोदक तोंडात घातला आणि चावता चावता थांबले.

“यात लसूण आहे,” गुरुजी म्हणाले.

मावशींनी कपाळावर हात मारला. टेक दाराकडे सरकू लागला. आबा मात्र जागचे हलले नाहीत. “गुर्जी, गनपती तिकडंबी हाय. त्येनं तिकडचं वळकलं आसंल.”

गुरुजींनी घास गिळला, थोडा वेळ गणपतीकडे पाहिलं, आणि विचारलं, “अजून आहे का एखादा?”

त्या दिवशी आम्ही इतके हसलो की शेजारच्या वाडीतून लोक काय झालं ते बघायला आले, आणि तेही मोमो खाऊन गेले.

आता मुद्द्यावर येतो. पितृपक्षातली सभा. आबा नेपाळच्या दिल्लीतल्या वकिलातीला पाठवायच्या पत्राचा मसुदा मला सांगत होते. तेव्हा टेक कांदा चिरता चिरता म्हणाला, “आबा, हमारे गाँव में ऐसा बोर्ड-चिठ्ठी नहीं करते. दोस्ती पक्की करनी है तो मीत लगाते हैं.”

मीत लावायचा म्हणजे दोन माणसांनी विधी करून एकमेकांचं व्हायचं. टिळा लावायचा, वस्त्र द्यायचं, वाकून नमस्कार करायचा. त्यानंतर एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, ‘मीतज्यू’ म्हणायचं. त्याचा बाप तो आपला मीतबा, त्याची आई ती मीतआमा. भावापेक्षा कमी नाही.

आबांची हातोडी हवेतच थांबली. “म्हंजी भाऊबंदकीच की ही. पन भांडान नसलेली.”

“हाँ आबा.”

मग त्यांनी टेकची उलटतपासणी घेतली. सुखात काय करायचं ते कळलं, दुःखाचं काय? मीताचा बाप गेला तर?

“हमारे गाँव में मीत पाँच दिन नमक नहीं खाता.”

“आन् घराला सुतक?”

“घर को कुछ नहीं. सिर्फ मीत को.”

आबांनी हातोडी मांडीवर ठेवली. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “म्हंजी सुतक घराला न्हाई. जिभेला.” आणि माझ्याकडे वळून, “सेक्रेटरी, लिवा. दसऱ्याला एकवीस जोड्या.”

दसराच का, तर तो दिवस दोन्हीकडचा. आपल्याकडे घटात उगवलेलं धान त्या दिवशी टोपीत खोवतात, त्यांच्याकडे तेच कानामागे. “वीतभर फरक,” आबा म्हणाले, “त्येवड्यासाटी दोन देश?”

पुढचे पंधरा दिवस त्यांनी मावळ पायाखाली घातला. भाजे, लोहगडवाडी, जीपमध्ये मागे लटकून थेट तिकोना पेठ. मी वही घेऊन मागे. वहीत मी रकाने आखले होते, आणि ते कसे भरायचे हे लोकांना दाखवायला पहिल्या ओळीत नमुना म्हणून माझं आणि टेकचं नाव लिहिलं होतं. लोकांना कल्पना फार आवडायची. अळणीपर्यंत.

लोहगडवाडीचा भजीवाला म्हणाला, “आबा, सोयरेच येवडे हायेत की लग्नसराईत टोप्या-टावेल वाटून जीव जातोय. आता नेपाळपत्तुर आहेर न्यायचा व्हय?”

“आहेर ऱ्हाऊं दे. अळणीचं बोल.”

“पाच दिस? आबा, मला बायकूसाटीबी जमायचं न्हाई.”

“ऐकलं बरं का म्या!” आतून आवाज आला, आणि भज्यांचा झारा बाहेर पडला.

एकवीसच्या नऊ झाल्या, नवाच्या चार, आणि दसऱ्याच्या सकाळी वहीत एकच जोडी राहिली. नमुन्याची. आबांनी चष्मा लावून ती ओळ वाचली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. “पयलं नाव तुमचं हाय आन् म्या दारोदार हिंडतोय! बोलला न्हाई ते?”

तो नमुना आहे, हे मला तेव्हा सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. माझ्या न बोलण्यानं मला आयुष्यात जे जे मिळालं, त्यातली ही सगळ्यात चांगली गोष्ट. आणि जे जे बिघडलं, त्यातलीही पहिली.

टेकला रिसॉर्टातून दोन तासांची सुटी मिळाली. देवळाच्या पटांगणात आम्ही दोघं पाटांवर समोरासमोर बसलो. पोरं, बायका, हलगी, चौकोनाचा त्रिकोण केलेला झेंडा. आमच्या बाजूचा बाप म्हणून आबा उभे राहिले. टेकनं मला ढाका टोपी घातली, रंगीत नक्षीची, मी त्याला पांढरी घातली, आणि दोघांनाही त्या इतक्या वाईट दिसत होत्या की माझी मुलगी हसून हसून खाली बसली. मग टेकनं मोबाइलवर घर लावलं. पडद्यावर त्याचे वडील आले. सुरकुतलेले, तोंडात दात नाहीत, मागे आमच्यासारखाच डोंगर. त्यांना टेकनं काहीतरी सांगितलं. म्हाताऱ्यानं शेजारच्या ताटलीत बोटं बुडवली, दही, तांदूळ, शेंदूर कालवलेला टिळा उचलला आणि थेट मोबाइलवर दाबला. पडद्यावर माझं कपाळ जिथे असेल तिथे. आमच्याकडे सगळा पडदा लाल झाला आणि त्या लालीतून त्यांचा आवाज येत राहिला. आशीर्वाद लांबलचक होता.

माझे वडील मी नववीत असताना गेले. त्यानंतर कुणी बापमाणसानं माझ्या कपाळाला हात लावला नव्हता. मी पाटावर बसून ढसाढसा रडलो, रंगीत टोपीत. आबांनी ते पाहिलं आणि लगेच आपलं बोट कुंकवात बुडवून टेकच्या मोबाइलवर म्हाताऱ्याला उलट टिळा लावला. “आबा, मोबाइल!” टेक ओरडला. “ऱ्हाऊं दे रं! कुंकू चाललंय नेपाळात, कुटंबी आडवलं न्हाई!”

तो मोबाइल नंतर बरेच दिवस कुठेही दाबला तरी भलतंच काही उघडायचा.

मंडळाचं एकूण कार्य एवढंच. एक जोडी. ट्रेकवाल्या पोरांना, पाहुण्यांना, डॉक्टरला, सगळ्यांना आबा ती सांगत. कुणी हसलं की म्हणत, “घाटात पयला बोगदाबी एकच पडला हुता.”

दोन वर्षांनी मी लोणावळ्यात फ्लॅट घेतला. मुलीचं लग्न ठरलं, साखरपुड्याची तारीख निघाली, तळेगावात हॉल घेतला. साखरपुड्याच्या दोन दिवस आधी सकाळी आबांचा फोन आला.

“सेक्रेटरी, मीतबा गेला. टेक आज गोरखपूरच्या गाडीनं निगतोय. आजपास्नं पाच दिस.”

मी म्हणालो, “आबा, परवा साखरपुडा आहे.”

“मंग? पोरीचं कर की झोकात. घराला सुतक न्हाई, ठाव हाय ना तुला? फकस्त मीठ. येवडंच.”

फक्त मीठ. इतकं स्वस्त दुःख कुणी मागितलं नसेल. मी “हो” म्हणालो. पण बायकोला सांगायचं तर ‘सुतक’ हा शब्द तोंडातून काढावा लागणार. तो तिनं तिच्या आईला सांगितला असता, आईनं विहीणबाईंना, आणि तारीख पुढे गेली असती. जिभेचं सुतक आणि घराचं सुतक यातला फरक समजावून सांगायला आबा लागतात, मी नव्हे. म्हणून गप्प बसलो. गप्प बसणाऱ्याच्या पानात मीठ आपोआप पडतं. पहिल्या दिवशी पिठलं होतं. दुपारी आबांचा फोन, “काय जेवला?”

“दहीभात.”

“मीठ?”

“नाही.”

“शाब्बास. आमीबी दोगं अळनीच हाय. म्हातारी कुरकुरतीया.”

दुसऱ्या दिवशी मटकीची उसळ. “काय जेवला?” “उकडलेला बटाटा.” बटाटा सुचल्याचा मला आनंद झाला, हे लिहायलाही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी साखरपुडा, आणि आबा-मावशी हजर. आबांच्या डोक्याला फेटा. जेवणाच्या पंगतीत ते माझ्या शेजारी बसले. वाढप्यानं मीठ वाढायला हात पुढे केला, तर आबांनी माझ्या पानावर आपला पंजाच आडवा धरला.

“ह्येंला न्हाई. बीपी हाय.”

“बीपी?” समोरून व्याही दचकले. “कधीपासून?”

“परवापास्नं,” आबा म्हणाले.

मसालेभात आला, पंजा. बटाट्याची भाजी, पंजा. कोशिंबीर, अळूवडी, मठ्ठा, पंजा, पंजा, पंजा. माझ्या पानात फक्त जिलेबी. व्याही म्हणाले, “अहो, पुरी तरी घ्या!” आबा झुकून माझ्या कानात म्हणाले, “पुरीत मीठ आसतंय. भिऊ नगंस. म्या हाय.” स्वतःच्या पानातही त्यांनी फक्त जिलेबी ठेवली होती. सत्तरीचा म्हातारा, सात जिलेब्या. “मधुमेह नाही ना तुम्हाला?” व्याह्यांनी विचारलं. “हाय की,” आबा म्हणाले.

मला हसू आवरेना. आबांनाही. ते माझं व्रत लपवत होते, आणि मी ते नसल्याचं लपवत होतो. दोघंही जिलेबी तोंडात धरून खुदुखुदू हसत होतो आणि व्याह्यांना वाटलं असावं, या घराण्यात काहीतरी आहे.

जेवणं उरकली. मी हॉलच्या मागे आचाऱ्यांकडे गेलो. नुसत्या जिलेबीनं भूक भागली नव्हती. सिलिंडरांच्या आड उभं राहून मी परातीतली मिरचीची भजी उचलली आणि एकामागून एक तोंडात कोंबली. तिसरं तोंडात असताना वर पाहिलं तर मावशी. तांब्या घेऊन पाण्याला आलेल्या.

माझं तोंड भरलेलं. मावशींनी भज्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“खावा,” त्या म्हणाल्या. “आमचं म्हातारं खुळं हाय. पन त्येला कळू दिऊ नगा, भाऊ. त्येचं येवडंच हाय.”

त्यांनी तांब्या भरला आणि गेल्या. पुढे कधी त्यांनी हा विषय काढला नाही.

सहाव्या दिवशी आबांनी मला मळवलीला बोलावलं. मंडळाचा अहवाल लिहायचा होता. ते सांगत होते आणि मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहीत होतो, की एका भारतीय नागरिकानं एका नेपाळी नागरिकाच्या वडिलांसाठी पाच दिवस मीठ वर्ज्य केलं, घरात मंगलकार्य असताना. “मंगलकार्य आसताना,” आबांनी दोनदा सांगितलं, “त्येच्याखाली रेघ मारा.” मी रेघ मारली. एक प्रत दिल्लीला गेली. दुसरी टेकच्या फोनवर, त्यानं ती आईला वाचून दाखवली.

टेक परत आला तेव्हा त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू मला दिली. तोटीचा पितळी तांब्या, त्याच्या वडिलांचा, पाणी प्यायचा. आईनं सांगितलं होतं, दोन मुलगे आहेत तर दोन वाटे. टेकला शेत, मला तांब्या. बायकोनं तो चिंच लावून चकचकीत केला आणि शोकेसमध्ये ठेवला. येणारा-जाणारा विचारतो, कुठून घेतला?

गेल्या थंडीत आबा गेले. दुपारी जेवून ओट्यावर आडवे झाले ते उठले नाहीत. चौथ्या दिवशी मी दहाव्याचं सांगायला रिसॉर्टवर गेलो. मागच्या दारानं सरळ मुदपाकखान्यात. कुणाच्या तरी लग्नाची गडबड होती, मोठ्या पातेल्यात डाळ रटरटत होती. टेक मला बघून हसला, डोळे नाहीसे झाले. मग त्यानं पळीभर डाळ काढून, फुंकून, माझ्यापुढे धरली.

“मीतज्यू, जरा नमक देखो. मेरी जीभ बंद है.”

आचारी माणूस, रोज दोनशे पानं वाढणारा. आबांसाठी त्याची जीभ पाच दिवस बंद, म्हणून तो चार दिवस दुसऱ्याच्या जिभेवर स्वयंपाक करत होता. मी तळहातावर डाळ घेतली आणि चाटली.

“बरोबर आहे.”

“पक्का?”

“पक्का.”

तो पळी धुवायला वळला आणि पाठमोराच म्हणाला, “आपने तो बेटी की सगाई में रखा था. आबा सबको बोलते थे. वैसे हमारे यहाँ घर में शुभ काम हो, तो बाद में भी रख सकते हैं. साल बाद, दस साल बाद. रखे बिना उतरता नहीं वो. आपको किसी ने बताया नहीं होगा.”

“नाही,” मी म्हणालो, “कुणी नाही सांगितलं.”

तिथेच सांगायला हवं होतं. तोंडात मीठ होतं, समोर तो होता, आणि ऐकायला आबा नव्हते. मी दहाव्याची वेळ सांगितली आणि बाहेर पडलो.

मुलगी सासरी रुळली आहे, व्याह्यांना आता काही कळलं तरी बिघडणार नाही. टेकच्या वडिलांचे पाच अळणी दिवस माझ्याकडे राहिले आहेत. ते मला पाळायचे आहेत, आणि पाळायच्या आधी टेकला त्याच्या तोंडावर सांगायचं आहे की ते मी पाळले नव्हते.